अध्यक्षबाईंची चोरी

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की बारडोली तालुक्यातला ऊस एका दुपारी नष्ट होता होता वाचला. सदर ऊस नष्ट करण्याच्या बेतात आलेली व्यक्ती परदेशी हेर नव्हती, माथेफिरूही नव्हती. ती आमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची अध्यक्ष होती. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर इस्त्रीची सुती साडी, आणि हातात घारी या सुरती मिठाईचं खोकं.

हे मी स्वतः पाहिलं आहे. आजही उसाच्या रसाची गाडी दिसली की मी रस्ता बदलतो, आणि सुरतेत रसाची गाडी न दिसणारा रस्ता मला अजून सापडलेला नाही.

आमची संस्था शहराबाहेर आहे आणि पिकांच्या रोगांवर काम करते. मी तिथलं प्रशासन बघतो, म्हणून समितीचा सचिव. समितीचं काम ऐकायला सोपं आहे. शास्त्रज्ञ प्रयोग मांडतो तेव्हा त्यातून फायदा काय हे सगळेच विचारतात. आम्ही विचारायचं ते वेगळं: हाच प्रयोग वाईट माणसाच्या हाती लागला, तर तो त्याचं काय करील? बाई येण्यापूर्वी आम्ही हे विचारायचो, शास्त्रज्ञ म्हणायचा, "छे, असं कोण करणार?" आम्हीही म्हणायचो, "खरंच, कोण करणार?" आणि मग नाश्त्याला गरम लोचो यायचा.

बाई मूळच्या अकोल्याच्या. आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर सुरतेत अडाजणला राहायच्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी चष्मा काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "आता मी हलकट आहे. बोला."

समोर भाताच्या करप्यावर काम करणारे एक सज्जन होते. इतके सज्जन, की पंखा लावायचा तरी ते पंख्याची परवानगी घेतील. बाईंनी त्यांना गोड आवाजात विचारलं की हे पंपात भरून एखाद्याच्या शेतावर मारायचं असेल तर अजून काय काय लागेल. त्या गृहस्थांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या विषयात इतका रस दाखवत होतं. त्यांनी सगळं सांगितलं. फळ्यावर आकृती काढून सांगितलं. मध्येच बाईंनी एक चुकीची कल्पना मांडली तर ती दुरुस्तही करून दिली. बाईंनी चष्मा पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "आणि हे तुम्ही आज पहिल्यांदा भेटलेल्या बाईला सांगितलंत."

त्या दिवशी लोचो तसाच परत गेला.

तेव्हापासून चष्मा ही आमच्याकडे भीतीची गोष्ट झाली. बाईंनी नुसती काच पुसायला चष्मा उतरवला तरी लोक बोलता बोलता गप्प व्हायचे. संस्थेच्या आवारात त्या काही खायच्या नाहीत, चहाही घ्यायच्या नाहीत. तो फाटकाबाहेरच्या टपरीवर. हात मात्र सारखे धुवायच्या. प्रयोगशाळेत शिरताना, निघताना, कुणाशी हात मिळवल्यावर, आणि कधी कधी, मला वाटतं, कुणाचं बोलणं आवडलं नाही म्हणूनही. संचालक त्यांना पाठीमागे "वॉशबेसिन" म्हणत. ही हात धुण्याची सवय पुढे आम्हा सगळ्यांना फार महागात पडणार होती.

एकदा त्या कतारगामला एका हिऱ्याच्या कारखान्यात गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. चोरी कशी रोखतात ते बघायला गेल्या होत्या. परत आल्या त्या जळफळत. तिथे म्हणे संध्याकाळी फरशी झाडल्यावर ती धूळही फेकत नाहीत, चाळून बघतात. "हिरा बिचारा आहे तिथे पडून राहतो," त्या मला म्हणाल्या, "तरी त्याला एवढं जपतात. आपल्या नळीतल्याला खायला घातलं की एकाचे हजार होतात, आणि आपल्या कपाटाची किल्ली खिळ्याला टांगलेली."

रिक्षात बसल्या की त्या रिक्षावाल्याची परीक्षा घ्यायच्या. मी सोबत असलो की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा लिंबायतच्या एका रिक्षावाल्याला त्यांनी विचारलं, "भाऊ, माझ्या पिशवीत एक भयंकर रोग आहे असं समज. मला स्टेशनवर सोडशील का?" त्याने आरशातून बघितलं, पुडी तोंडात रिकामी केली आणि म्हणाला, "मावशी, पिशवीत काय ते तुमचं. स्टेशनच्या कोणत्या बाजूला उतरायचं ते सांगा." बाईंना हे उत्तर फार आवडलं. पुढे कितीतरी व्याख्यानांत त्यांनी ते सांगितलं.

विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाचं तर मी सांगूच नये, पण सांगतोच. एका पोराने एक रोगजंतू अधिक तेज कसा करायचा याचा तक्ता केला होता. पायरी पायरीने, रंगीत बाणांसकट, दुरून वाचता येईल अशा अक्षरांत. तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं. उद्घाटनाला पाहुणे आले, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला, आणि बाई त्या तक्त्यासमोर पदर दोन्ही हातांनी पसरून उभ्या राहिल्या. प्रदर्शन संपेपर्यंत तशाच. पाहुण्यांना वाटलं की ही काहीतरी गुजरात-महाराष्ट्र लोककला आहे. त्यांनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. पोरगा रडकुंडीला आला. बाई त्याला म्हणाल्या, "तक्ता वाईट असता तर मी घरी बसले असते. तू फार छान समजावलं आहेस, तीच तर अडचण आहे."

अशा बाईंनी चोरी करावी, हे मी अजूनही सांगताना दम घेऊन सांगतो.

त्याचं मूळ रूपाली. रूपाली आमच्याकडची सगळ्यात हुशार संशोधक. घर लिंबायतला, वडील पॉवरलूमवर, घरात अहिराणी, बाजारात गुजराती, आणि आमच्याशी तिची खानदेशी मराठी. बाई तिच्यावर जितक्या ओरडायच्या तितक्या कुणावरच नाही, आणि ती बाईंच्या मागे जितकी फिरायची तितकं कुणीच नाही. बाईंनी अहवाल मागितला की ती म्हणायची, "मी रात्रीच आणला राहता मॅडम, पण तुम्ही झोपल्या राहत्या."

तिचं काम उसाच्या लाल कुजीवर होतं. गुजरातीत त्याला रातडो म्हणतात. ऊस बाहेरून ठीक दिसतो, चिरला की आत लाल, आणि आंबट वास. हा रोग लागवडीच्या कांड्यांतून पसरतो, म्हणजे बेणं बिघडलं की शेत गेलं, आणि ते बेणं शेजाऱ्याला दिलं की त्याचंही गेलं. या रोगापुढे टिकेल अशी उसाची जात रूपालीला शोधायची होती. त्यासाठी तिने त्याची बुरशी नेहमीपेक्षा कितीतरी जहाल केली होती. हिच्यापुढे जो ऊस टिकेल तो कुठेही टिकेल, असा हिशेब. काचघरातलं काम झालं होतं. आता शेतात चाचणी घ्यायला समितीची परवानगी हवी होती. ती मिळाली नाही तर रूपालीची नेमणूक संपत होती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बाईंना सर्वांत जास्त माहीत होतं.

बाईंनी बैठकीत सांगितलं, "काम उत्तम आहे. पण ही बुरशी या इमारतीबाहेर जाऊ शकत नाही, याची खात्री पटल्याशिवाय मी सही करणार नाही." संचालक म्हणाले की खात्री आहेच. पहारेकरी आहे, कॅमेरे आहेत, कपाटाला कुलूप आहे. बाई बघत राहिल्या. चष्मा काढला नाही, म्हणून मला वाटलं संकट टळलं.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत चंदी पडवो असतो. त्या दिवशी अख्खं शहर घारी खातं. मावा, साखर, पिस्ता आणि वरून थिजलेलं तूप. एक खाल्ली तर दुपारचं जेवण नको, आणि सुरतकर चार खाऊन जेवतात. आमच्या संस्थेतही एकाच दुकानातून खोकी येतात, लाल, सोनेरी रिबिनीची, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कोंबली जातात.

त्या सकाळी बाईंनी, खिळ्यावरून आता रूपालीकडे आलेली, कपाटाची किल्ली मागितली. रूपालीने दिली. बाईंनी बुरशीच्या नळ्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात घातल्या, डबा घारीच्या रिकाम्या खोक्यात, वर रिबीन. मग फाटकाकडे निघाल्या. पहारेकऱ्याने सलाम ठोकला. बाईंना पर्समधून काही काढायचं होतं, तर तो म्हणाला, "लाइए मैडम, मैं पकड़ता हूँ," आणि त्याने ते खोकं दोन्ही हातांनी, प्रसादासारखं धरलं. बाई टपरीवर चहा प्यायल्या आणि तेच खोकं घेऊन परत आत आल्या.

"नुसती खोटी नळी नेली असती तर?" मी त्यांना पुढे विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "खोटी नेली असती तर माझे हात थरथरले नसते. चोराचे थरथरतात. तरी पकडत नाहीत, हे बघायचं होतं."

संचालकांच्या खोलीत त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं. संचालक फोनवर होते. मला बाईंनी दारातच थांबवलं, कानात सगळं सांगितलं, आणि मी आ वासून उभा असतानाच म्हणाल्या, "आधी हात धुऊन येते."

तेवढ्यात बारडोलीचे काका आले. हे काका म्हणजे बडे ऊस बागायतदार, साखर कारखान्यातलं वजनदार नाव, आणि रूपालीच्या प्रकल्पाला पैसे मिळाले ते यांच्या शब्दावर. पडव्याला भेटायला आले होते, घाईत होते. संचालकांनी फोन कानाशी धरूनच त्यांना मिठी मारली, हाताला लागलं ते खोकं त्यांच्या हातात दिलं, आणि गाडीपर्यंत पोचवून आले. मी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला पहारेकऱ्याची नोंदवही चाळत होतो, मला यातलं काही दिसलं नाही.

बाई हात धुऊन आल्या, त्यांच्यामागून मी. टेबलावर एक लाल खोकं होतंच, संचालकांचं स्वतःचं. बाईंनी दार लावून घेतलं. आवाज खाली आणला. संचालकांना म्हणाल्या, "या खोक्यात बारडोलीचा विनाश आहे." आणि रिबीन सोडली.

आत घारी होती. पिस्त्याची.

संचालक मनापासून हसले. म्हणाले, विनाश छान आहे, आणि एक तुकडा तोंडात टाकला. मी बाईंकडे बघितलं. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरतं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पडदा खाली यावा तसं.

संचालकांना समजावून सांगायला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात काका बारडोलीच्या वाटेवरच्या कडोदऱ्याच्या पुढे गेले असणार. फोन लावला, उचलला नाही. घराबाहेर पडले की काका फोन घरातच ठेवतात. मी आणि बाई माझ्या गाडीतून निघालो. वाटेत संचालकांचा फोन आला: काकांना म्हणा, औषधाची मुदत संपली आहे, चुकून दिलं. बाकी एक अक्षर नको. रूपालीलाही सांगू नका.

औषध हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता. आमची संस्था ऊसवाल्यांना उपयोगी जिवाणूंच्या बाटल्याही देते. बारडोलीकडची रीत अशी की आमच्या शिक्क्याची बाटली आली की ती गुळाच्या पाण्यात ढवळायची, त्यात लागवडीचं बेणं बुडवायचं, मग लावायचं. ऊस जोमाने येतो. काकांनी खोकं उघडलं असेल, आणि आत घारीऐवजी आमच्या शिक्क्याच्या नळ्या असतील, तर काका काय करतील हे बाईंच्या आणि माझ्या एकाच क्षणी लक्षात आलं. मी गाडी आणखी दामटली.

शेतात निळं पिंप होतं. काका स्वतः काठीने ढवळत होते, आणि त्यांचा चेहरा भेट मिळालेल्या माणसाचा होता. शेजारी बेण्याच्या कांड्यांचा ढीग. एक टोपली आधीच ओली होती. रिकाम्या नळ्या विहिरीच्या कठड्यावर ओळीने मांडलेल्या.

काका म्हणाले, "आवो, आवो बेन. घारी तो बधा आपे. आवी भेट कोई नथी आपतुं." घारी सगळेच देतात, अशी भेट कुणी देत नाही, म्हणून उरलेलं पाणी शेजारच्या शेतांतही द्यायचा त्यांचा विचार होता.

मी पढवल्याप्रमाणे सांगितलं की काका, याची मुदत संपली आहे, परत द्या. काका हसले. म्हणाले की मुदत तर माझीही संपली आहे, तरी रोज शेतात येतो ना? थोडं तरी काम करेल. आणि काठी पुन्हा फिरवू लागले. ढिगातली आणखी एक कांडी उचलायला गडी वाकला.

बाई पुढे झाल्या. मी वाट बघत होतो की त्या चष्मा काढतील. त्यांनी काढला नाही. उलट नीट वर सरकवला आणि म्हणाल्या, "काका, हे औषध नाही. रोग आहे. रातडो, आणि साधा नाही, आम्ही जहाल केलेला. तुम्हाला कुणी भेट दिली नाही. मी चोरून आणला होता."

काकांची काठी थांबली. "तमे?" एवढंच ते म्हणाले. त्या एका शब्दात इतका धक्का होता की गड्याच्या हातातली कांडी खाली पडली. ज्याला आपण वर्षानुवर्षं देवघरात बसवलं त्याने उठून आपल्याच घरावर दगड मारावा, तसे ते बाईंकडे बघत होते.

मग काकांनी काठी फेकली. लग्नाच्या जेवणाची कढई आणवली, चूल पेटवली, पिंपातलं पाणी उकळून उकळून आटवलं. ओली टोपली जाळली. पिंप जाळलं. बाईंनी रिकाम्या नळ्या एकेक करून मोजल्या, सगळ्या होत्या. धुराने डोळे चुरचुरत होते, बाई तिथून हलल्या नाहीत. निघताना काका मला म्हणाले की संस्थेची गाडी आता या रस्त्याला दिसू नये. बाईंकडे पाठ करून त्यांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक झाली. सकाळी मी आलो तर रूपाली प्रयोगशाळेतल्या कचऱ्याच्या टोपल्या उलट्या करून शोधत होती. डोळे सुजलेले. नळ्या कपाटात नाहीत हे तिला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, आणि किल्ली बाईंकडे गेली होती तरी आपल्याच हातून हरवल्या असं ती धरून चालली होती. संचालकांना हे सोयीचं होतं. तिच्या नळ्या, तिचं कपाट, तिची किल्ली. त्यांनी बैठकीत तोंड उघडलं ते याच दिशेने, आणि रूपाली उभी राहून सगळं कबूल करायच्या बेतात होती.

बाईंनी तिला खाली बसवलं. मग त्यांनी स्वतःच्या चोरीची हकीकत सांगितली, काही न लपवता, काकांच्या चेहऱ्यासकट. तिथल्या तिथे तीन गोष्टी मंजूर करून घेतल्या: त्या बुरशीचा शेवटचा अंशही आजच नष्ट करायचा, रूपालीची नेमणूक दुसऱ्या कामावर चालू ठेवायची, आणि अध्यक्षांना काढून टाकायचं. तिसऱ्या ठरावावर कुणी हात वर करेना, तर त्यांनी स्वतः केला.

पण बाई शेवटी शिक्षक. जाता जाता आम्हाला शिकवल्याशिवाय त्यांना राहवेना. चोरी किती अवघड होती ते त्या समजावू लागल्या. किल्ली मिळवायला कारण शोधावं लागलं, पडव्याचा दिवस निवडावा लागला, रिकामं खोकं जपून ठेवावं लागलं, डबा बेताचा शोधावा लागला, फाटकावर चेहरा सांभाळावा लागला. एवढ्या सगळ्या युक्त्या करणारा माणूस विरळा, म्हणून यापुढे पहारा कुठे कुठे बसवायचा याची त्यांनी यादीच सांगायला घेतली. आम्ही माना डोलावत होतो. एवढ्या हिकमती करणारा चोर आम्हाला सहज ओळखू येईल, असा धीरही आम्हाला येऊ लागला होता.

रूपाली मघापासून बाईंकडे एकटक बघत होती. तिला रडू आलं नाही, राग आला नाही. तिला फक्त मनापासून वाईट वाटत होतं, की बाईंना एवढा त्रास पडला. आणि सगळ्या समितीसमोर ती पटकन बोलून गेली:

"मॅडम, मला नुसतं सांगितलं राहतं, तर मीच गेटबाहेर आणून दिल्या राहत्या ना."